रोलमागून रोल निगेटिव्ह पातळ येतायत? कॅमेऱ्याआधी डेव्हलपरची बाटली तपासा

तक्रार साधारण अशी असते. डी-७६ या डेव्हलपरचं, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं, पाकीट आणलं, लिटरभर द्रावण केलं, पहिले दोन रोल झकास निघाले. मग मधे लग्नसराई आली, पाऊस आला, कामाचा रेटा आला. दोन-अडीच महिन्यांनी तिसरा रोल धुतला तर निगेटिव्ह पातळ, सावल्यांतला तपशील गायब. चौथा त्याहून पातळ. मग मीटर बिघडलं असेल म्हणून कॅमेरा दुरुस्तीला जातो, फिल्म जुनी दिली म्हणून दुकानदार शिव्या खातो, धुण्याची वेळ अंदाजाने दोन मिनिटं वाढवली जाते. शेवटी नवं पाकीट येतं, दोन रोल पुन्हा छान निघतात, आणि तिसऱ्यापासून पुन्हा तेच रडगाणं.

ज्यांच्याकडे हे चक्र चालू असतं त्यांनी डेव्हलपर वाईट निवडलेला असतो असं नाही. त्यांच्या रोल धुण्याच्या वेगाशी तो जुळत नाही, एवढंच. ग्रेन, म्हणजे चित्रातला दाणा, किती बारीक येतो, कडा किती तीक्ष्ण येतात, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. पण महिन्याला किती रोल धुणार, हे डेव्हलपर घेण्याआधी क्वचितच कोणी स्वतःला विचारतं. माझ्या मते पहिला प्रश्न तोच, ग्रेनचा नंतर.

आधी निगेटिव्ह नीट बघा

बाटलीवर आळ घेण्याआधी खात्री करून घ्यावी. ३५ मिमी फिल्मच्या काठावर, भोकांच्या बाहेर, कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले असतात. ही अक्षरं कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेली असतात, त्यामुळे तुमचा कॅमेरा, मीटर, लेन्स यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ती किती काळी आली हे फक्त तुमच्या धुण्यावर ठरतं. (फिल्म फारच जुनी असेल तर तीही थोडी फिकट होतात, पण तो भाग वेगळा.)

वाळलेलं निगेटिव्ह खिडकीपाशी धरा, मागे पांढरा कागद ठेवा, आणि फ्रेमऐवजी हे काठ बघा. आकडे ठसठशीत काळे आहेत आणि फ्रेम मात्र पातळ, तर डेव्हलपर ठणठणीत आहे, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मला मिळालेला उजेड, कमी पडलंय. आकडेही फिकट राखाडी, फ्रेमही फिकट, तर धुणं कमी पडलंय. आकडे छान आणि फ्रेमच नाहीत, म्हणजे बहुधा कॅमेऱ्यात रोल पुढे सरकलाच नव्हता. आणि सगळी पट्टी काचेसारखी कोरी, आकड्यांचाही पत्ता नाही, तर दोनच शक्यता उरतात. एक तर डेव्हलपर पूर्ण मेला होता, नाहीतर टँकमध्ये, म्हणजे रोल धुण्याच्या बंद डब्यात, फिक्सर (न उमटलेली चांदी काढून टाकणारं द्रावण) आधी ओतला गेला. तुलनेला आधीच्या चांगल्या रोलची एक पट्टी शेजारी धरावी. त्याच जातीच्या फिल्मची धरा, कारण प्रत्येक कंपनीची अक्षरं मुळातच कमीजास्त गडद असतात.

पट्टी दुधी, धुरकट दिसत असेल तर तो फिक्सरचा प्रश्न आहे. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा बुडवा, साफ होईल.

खाली जे लिहिलंय ते आकडे आणि फ्रेम दोन्ही फिकट येणाऱ्यांसाठी.

बाटलीत काय बिघडतं

डी-७६ कोडॅकने १९२७ साली आणला. प्रसिद्ध झालेला कृतिक्रम अगदी साधा आहे: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, २ ग्रॅम. फिल्मवरच्या चांदीवर काम करतात ते मेटॉल आणि हायड्रोक्विनोन. ते दोघे मिळून ७ ग्रॅम, आणि सल्फाइट एकटं १००. ग्रेन थोडा मऊ करणं हे सल्फाइटचं एक काम, पण त्याचं मोठं काम राखणदाराचं. हवेतला ऑक्सिजन आणि धुताना तयार होणारी टाकाऊ रसायनं, दोन्ही ते स्वतःवर घेतं.

बाटली जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा आत ताजी हवा जाते आणि राखणदाराची ताकद थोडी थोडी खर्च होते. कोडॅकचेच आकडे घ्या: तयार द्रावण काठोकाठ भरलेल्या घट्ट बाटलीत सहा महिने, अर्ध्या भरलेल्या बाटलीत दोन महिने. ‘दोन रोल छान, तिसरा पातळ’ याचं गणित बहुतेक वेळा इथेच जमतं. द्रावण करून दोन महिने उलटले, बाटली अर्धी झाली, आणि ती मधे पाच-सहा वेळा उघडली गेली.

आणखी एक गोष्ट लोकांना चकवते. डी-७६ ठेवून दिला की सुरुवातीला त्याचा जोर कमी होण्याऐवजी थोडा वाढतो, कारण हायड्रोक्विनोन आणि सल्फाइटच्या आपसांतल्या क्रियेने द्रावणाची अल्कता चढते. त्यामुळे महिन्याभराने धुतलेला रोल पहिल्यापेक्षा जरा दाट आणि कडक निघू शकतो. माणूस म्हणतो, वा, द्रावण मुरलंय. मग काही आठवड्यांत जोर उतरायला लागतो. हा चढउतार टळावा म्हणूनच टाकणखार आणि बोरिक ॲसिड दोन्ही घालून केलेली डी-७६डी ही जोडकृती आहे.

हे कंपनीचे आकडे थंड देशांतल्या खोलीच्या तापमानाचे आहेत, हेही विसरून चालत नाही. रासायनिक क्रिया साधारण दर १० अंशांना दुप्पट वेगाने होते असा ठोकताळा आहे. मुंबईत पंख्याखाली ३१-३२ अंशांत ठेवलेल्या बाटलीला सहा महिन्यांचा भरवसा देणं म्हणजे स्वतःची फसवणूक. मी तरी छापील मुदत निम्मी धरतो, आणि एप्रिल-मेमध्ये त्याहून कमी.

तुमच्या वेगाला कोणता डेव्हलपर

महिन्याला एखाददुसरा रोल होत असेल तर लिटरच्या पाकिटांच्या वाटेला जाऊ नका. घट्ट अर्काच्या रूपात येणारा डेव्हलपर घ्या, लागेल तेवढा मोजून पाण्यात मिसळा, वापरा, फेकून द्या. यातला सगळ्यात चिवट रोडिनाल. १८९१ सालापासून चालत आलेला. त्याचं मूळ पेटंट संपल्यामुळे आज तो वेगवेगळ्या नावांनी मिळतो, आर-०९ हे त्यांतलं एक. पॅरा-अमिनोफेनॉल आणि कॉस्टिक पोटॅश हे त्याचे मुख्य घटक. उघडलेली बाटलीही कित्येक वर्षं काम देते आणि रंग काळपट तपकिरी झाला तरी ताकद टिकून असते. फक्त ग्रेन झाकण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. १०० किंवा १२५ आयएसओच्या, म्हणजे उजेडाला कमी संवेदनशील असलेल्या, फिल्मवर तो सुरेख दिसतो. ४०० आयएसओला, ढगाळ दिवशी जरा कमी एक्स्पोज झालेल्या फ्रेमवर, ग्रेन चांगलाच अंगावर येतो. कोणाला तो आवडतो. मला माणसांच्या चेहऱ्यावर नाही आवडत.

४०० आयएसओवरच बेतलेलं काम असेल तर एचसी-११०. पाकासारखा अर्क, नेहमीचं प्रमाण १ भाग अर्क आणि ३१ भाग पाणी. पूर्वीचा अर्क जवळजवळ पाण्याविना होता, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकल्याच्या कथा तुम्ही ऐकल्या असतील, आणि त्या खऱ्याही आहेत. पण अलीकडच्या वर्षांत जो येतो तो पातळ आहे, त्यात पाणी आहे. जुन्या बाटलीची ख्याती नव्या बाटलीला आपोआप लागू होत नाही. नवीन घेतली तर तारीख लिहून ठेवा आणि छोट्या बाटल्यांत वाटून ठेवा.

आठवड्याला एक-दोन रोल होत असतील, महाविद्यालयाची डार्करूम असेल, चार मित्र मिळून धुत असतील, तर डी-७६ किंवा त्याचाच सख्खा भाऊ आयडी-११ यांना तोड नाही. स्वस्त, सगळ्या फिल्मच्या वेळा छापील मिळतात, आणि चूक पोटात घेणारे. महिना-दीड महिन्यात लिटर संपत असेल तर साठवणुकीचा प्रश्नच उरत नाही. एकास एक पाणी मिसळून एकदाच वापरायचा आणि ओतून द्यायचा. वापरलेला डेव्हलपर परत ताज्या बाटलीत ओतणं हा काटकसरीचा मार्ग वाटतो, पण प्रत्येक रोलनंतर वेळ वाढवत नेण्याची शिस्त नसेल तर पातळ निगेटिव्हचं आमंत्रण तिथूनच जातं.

एक्सटॉलबद्दल मात्र सावध करायला हवं. १९९६ साली आलेला हा डेव्हलपर निकालाच्या बाबतीत उत्तम. बारीक ग्रेन, सावल्या भरलेल्या, आणि भुकटी खोलीच्या तापमानाच्या पाण्यात विरघळते. पण त्यात हायड्रोक्विनोनऐवजी ॲस्कॉर्बिक जातीचं रसायन आहे, म्हणजे क जीवनसत्त्वाचा नातेवाईक. हा मरताना सांगून मरत नाही. डी-७६ बिघडला की पिवळा, मग चहाच्या रंगाचा होतो. एक्सटॉल स्वच्छ पाण्यासारखा दिसतो आणि रोल कोरा काढतो. पाण्यात लोह किंवा तांब्याचा अंश असला तर हे मरण लवकर येतं. शिवाय पाकीट ५ लिटरचं. घरी एकट्याने ५ लिटर मुदतीत संपवणारे लोक असतीलही, पण ते ‘पातळ येतात’ म्हणून शोधत फिरत नाहीत.

ज्यांना वजनकाटा आणि थोडी खटपट चालते त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती डी-२३ला. मेटॉल साडेसात ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, पाणी लिटरभर. संपलं. तिसरं रसायन नाही. ३०० मिलीचा एकच टँक भरायचा तर सव्वादोन ग्रॅम मेटॉल आणि ३० ग्रॅम सल्फाइट, आणि धुवायच्या दिवशी करायचं. साठवणच नाही तर बिघडणार काय? मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटसारख्या ठिकाणी रसायनांच्या दुकानांत चौकशी केली तर दोन्ही मिळतात, फक्त नाव लिहून न्या. सल्फाइट, सल्फेट, बायसल्फाइट, थायोसल्फेट हे सगळे वेगळे आहेत आणि काउंटरवर घाईत सहज अदलाबदल होते. काहींच्या कातडीला मेटॉलची ॲलर्जी येते, पुरळ उठतो, म्हणून हातमोजे घाला.

डी-७६ घरी बनवणाऱ्यांनी टाकणखाराच्या जागी कॅरमवर टाकायची बोरिक पावडर घालू नये. दिसायला भाऊ-भाऊ, पण ती बोरिक ॲसिड आहे. अल्कता चढण्याऐवजी उतरते आणि ताजा डेव्हलपरही आजारी निघतो. सल्फाइटची पिशवी उघडी राहून गठ्ठे झाले असतील तर त्यातलं बरंच सल्फेट झालं असण्याची शक्यता धरा, ते काही राखण करत नाही.

कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांचा कॅफेनॉल हा गमतीचा आणि खरोखर चालणारा प्रकार आहे. त्यात साठवण मुळीच नाही, मिसळल्यावर अर्ध्या-एक तासात वापरायचा. पण आपल्याकडची बरीच इन्स्टंट कॉफी चिकोरी मिसळलेली असते, तिच्याने जोर कमी येतो. निव्वळ कॉफीची बाटली घ्या. आणि सोडा निर्जल आहे की स्फटिकांचा हे बघा, कारण एक ग्रॅम निर्जल सोड्याच्या जागी स्फटिकांचा २.७ ग्रॅम लागतो. कॅफेनॉलवर पातळ येणाऱ्यांचं निम्मं कोडं इथेच सुटतं.

द्रावण करतानाच होणारं नुकसान

पाकीट अर्धं करून वापरू नका. डी-७६च्या भुकटीत वेगवेगळ्या आकारमानाचे आणि वजनाचे कण एकत्र असतात. वाहतुकीत हलून जड-हलकं वेगळं होतं. तुम्ही वरचा अर्धा भाग घेतला की त्यात मेटॉल किती आलं हे देवालाच ठाऊक. उरलेल्या अर्ध्या भागात पावसाळ्याची दमट हवा शिरते ती वेगळीच. पाकीट फोडलं की सगळं विरघळवायचं. आत भुकटी पांढऱ्याऐवजी तपकिरी दिसली तर दुकानात परत.

पाणी पाकिटावर सांगितलेल्या तापमानाचं घ्या. डी-७६ला साधारण ५० ते ५५ अंश लागतं, आयडी-११ला ४० अंश पुरतं. गार पाण्यात घातलेलं मेटॉल तळाशी बसून राहतं आणि आपण वरचं पाणी बाटलीत भरतो. सुट्या रसायनांपासून करत असाल तर क्रम पाळा: आधी चिमूटभर सल्फाइट, मग सगळं मेटॉल, ते पूर्ण विरल्यावर उरलेलं सल्फाइट. सगळं सल्फाइट आधी घातलं की मेटॉल विरायचं नाव घेत नाही. ढवळायचं ते हलक्या हाताने, ताक घुसळल्यासारखं नाही, कारण फेसाबरोबर हवाच आत जाते.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा प्लास्टिकचं. तांब्या-पितळेच्या भांड्याला हातही लावू नका, तांब्याचा सूक्ष्म अंशही डेव्हलपरची हवेशी होणारी क्रिया वाढवतो. गिझरचं पाणीही टाळावं. पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळून, झाकून, हव्या त्या तापमानाला येऊ द्यावं. उकळल्याने विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो आणि बोअरवेलच्या जड पाण्यातला काही चुनाही तळाशी बसतो. देशावरच्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, आणि कोकणात कुठे कुठे विहिरीचं पाणी लोहामुळे तांबूस. दोन्हींपेक्षा डिस्टिल्ड पाणी बरं. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात बॅटरीत घालायचं पाणी म्हणून मिळतं ते चालतं. मात्र शेजारीच बॅटरीचं ॲसिडही विकायला असतं, तेव्हा लेबल वाचून घ्या. साठवायच्या द्रावणाला डिस्टिल्ड, आणि टँकमध्ये पातळ करायला घरचं आरओचं, एवढी तडजोड चालते.

बाटली कोणती, भरायची कशी

लिटरच्या एका बाटलीऐवजी पाव लिटरच्या चार. ही एवढी एक सवय लागली तरी बहुतेकांचं दुखणं जातं. द्रावण गार झालं की चारही बाटल्या गळ्यापर्यंत भरायच्या. एक बाटली म्हणजे एकास एक पाणी मिसळून अर्धा लिटर, म्हणजे एका रोलला निवांत पुरेल इतकं. बाटली उघडली की संपलीच, उरलेल्या तिन्ही भरलेल्याच राहतात.

काचेची सगळ्यात चांगली, घट्ट फिरकीच्या झाकणाची. औषधाची तपकिरी बाटली मिळाली तर उत्तम, पण रंगाला फार महत्त्व नाही, अंधाऱ्या कपाटात पारदर्शक काचही चालते. प्लास्टिकमध्ये मात्र फरक आहे. पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या ज्या पारदर्शक प्लास्टिकच्या असतात, त्या पेट, बऱ्यापैकी हवा रोखतात. दुधी रंगाच्या पॉलिथिनच्या बाटल्यांच्या भिंतीतूनच ऑक्सिजन हळूहळू आत येतो. दाबून लहान होणाऱ्या घडीच्या बाटल्या बहुधा याच जातीच्या, शिवाय घड्यांत घाण साचते. पैसे वाया.

पेटची बाटली अर्धी राहिलीच तर हाताने दाबून द्रावण गळ्यापर्यंत चढवा आणि तशीच दाबलेली असताना झाकण फिरवा. दुसऱ्या दिवशी बघा. बाटली चेपलेलीच असेल तर झाकण घट्ट आहे. फुगून पूर्ववत झाली असेल तर झाकणातून हवा जातेय, ती बाटली बाद. काचेच्या बाटलीत पातळी चढवायला धुतलेल्या काचेच्या गोट्या टाकतात, तेही चालतं. लायटरचा गॅस बाटलीत सोडण्याची युक्ती काही जण वापरतात. तो पेटणारा वायू आहे, आणि आपल्याकडे हे उद्योग चालतात स्वयंपाकघरात. त्याची गरज नाही.

फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने रसायनं खडे होऊन तळाशी बसतात आणि पूर्ण विरली नाहीत तर द्रावण कमकुवत राहतं. त्याहून मोठं कारण घरातल्यांचं. रोडिनाल खोकल्याच्या औषधासारखा दिसतो आणि कॉस्टिक आहे. डी-७६ पाण्यासारखा दिसतो. सरबताच्या बाटलीवरचं मूळ लेबल पूर्ण खरवडून काढा, मोठ्या अक्षरांत ‘विष – फोटोचं रसायन’ आणि तारीख लिहा, आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेवा. घरातली सगळ्यात थंड अंधारी जागा बहुधा फरशीलगतचं खालचं कपाट असते. माळा नको, स्लॅबच्या उष्णतेने उन्हाळ्यात तो भट्टी होतो.

रोल टँकमध्ये जाण्याआधी एक चाचणी

३५ मिमी रोलची पुढची जीभ, लीडर, आधीच उजेडात पुरेपूर जळलेली असते. रीळ भरताना ती कापून टाकतोच. तिचा दोन बोटांचा तुकडा उजेडातच, वापरायच्या प्रमाणात मिसळलेल्या डेव्हलपरमध्ये बुडवा. ताज्या द्रावणात तो डोळ्यांदेखत राखाडी आणि मग काळा होत जातो. पूर्ण वेळ ठेवून बाहेर काढा, बल्बसमोर धरा. बल्बचा नुसता अंधुक ठिपका दिसला तर ठीक. बल्बच्या कडा दिसत असतील तर ते द्रावण मोरीत.

या चाचणीची मर्यादा अशी की लीडर इतका जळलेला असतो की थोडा अशक्त डेव्हलपरही त्याला काळा करू शकतो. म्हणजे मेलेला पकडता येतो, थकलेला सहज पकडता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे काळं व्हायला सुरुवात किती सेकंदांनी झाली हे बघायचं. द्रावण नवं असताना एक तुकडा असा धुवा, सेकंद मोजा, तुकडा फिक्स करून वाळवा आणि सेकंदांच्या आकड्यासह बाटलीलाच चिकटपट्टीने लावून ठेवा. पुढच्या वेळी त्याच फिल्मचा, त्याच प्रमाणातला, त्याच तापमानाचा तुकडा त्याच्याशी ताडून बघायचा. सुरुवातच दीडपट उशिरा होत असेल तर लग्नाचा किंवा गावच्या जत्रेचा रोल त्यात घालू नका.

एक्सटॉल वापरणाऱ्यांनी ही चाचणी दर वेळी करावीच, कारण तिथे रंग काहीच सांगत नाही.

बाटली ठणठणीत आहे, तरी पातळ

मग अर्काचं प्रमाण बघा. ३५ मिमीच्या एका रोलला पॅटर्सन कंपनीच्या टँकमध्ये २९० मिली द्रावण पुरतं. रोडिनाल १ला १०० या प्रमाणात घेतला तर त्यात अर्क जेमतेम ३ मिली येतो. रीळ बुडते, पण चांदीवर काम करायला रसायनच पुरेसं नसतं. एका रोलमागे किमान ५ मिली धरा, म्हणजे अर्धा लिटर द्रावण करा. एचसी-११०ला तोच हिशोब साधारण ६ मिलीचा, एक्सटॉलला मूळ द्रावणाचा १०० मिलीचा. डी-७६ एकास एक असेल तर कोडॅकच्या सूचनेप्रमाणे ३६ फ्रेमच्या रोलला सुमारे ४७३ मिली द्रावण हवं. त्याच्या निम्म्यात धुतलं तर वेळ १० टक्के वाढवायची. छोट्या टँकमध्ये धुणाऱ्यांना ही ओळ सहसा माहीत नसते. अर्क मोजायला औषधाच्या दुकानातली सुई काढलेली सिरिंज घ्या, चमच्याच्या अंदाजाने ३ आणि ५ मिलीतला फरक कळत नाही.

थर्मामीटरही तपासा. ताप मोजायचं ३५ अंशांखाली बोलतच नाही, तेव्हा वेगळं लागतं, आणि स्वस्तातलं दोन अंश चुकणारं असू शकतं. २४ अंश दाखवतंय आणि खरं २२ आहे, तर तुम्ही वेळ उगाच कमी केलीत.

एकाच नरसाळ्याने फिक्सर आणि डेव्हलपर ओतत असाल तर नरसाळी दोन करा. फिक्सरचे चार थेंब बाटलीत गेले की निगेटिव्हवर रंगीत धुकट थर यायला लागतो आणि दोष फिल्मला जातो.

उन्हाळ्याचं दुखणं याच्या अगदी उलट. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात हाताला चटका देतं, आणि वेळ इतकी कमी करावी लागते की फिल्मवर डाग आणि ओघळ येतात. पाच मिनिटांखालच्या वेळा शक्यतो टाळाव्यात. एचपी-५ या ४०० आयएसओच्या फिल्मला एचसी-११०च्या नेहमीच्या प्रमाणात २० अंशांना पाच मिनिटंच लागतात, २३ अंशांना तीच पावणेचार होतात. तिथे अर्क निम्मा आणि वेळ दुप्पट हा तोडगा चालतो, अर्काची किमान मात्रा सांभाळून. त्याच फिल्मला आयडी-११ एकास एक असेल तर २० अंशांना १३ मिनिटं असतात, २४ अंशांवर आणूनही हातात भरपूर वेळ राहतो. उन्हाळ्यात मी त्याच्याच बाजूने मत देईन. पाणी गार करायला विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत रात्रभर भरून ठेवलेला माठ बर्फाशिवाय बरंच काम करतो. कोकणात आणि मुंबईत हवाच ओली असल्याने माठ फारसा थंड होत नाही. तिथे बादलीत पाणी, त्यात बर्फाची बंद पिशवी, आणि डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचं पाणी सगळं त्याच बादलीत उभं करून एका तापमानाला आणायचं. बर्फ थेट द्रावणात टाकला तर प्रमाणच बदलतं.

जे रोल पातळ झालेत त्यांचं काय

फिक्स झालेली फिल्म पुन्हा डेव्हलपरमध्ये घालून काही मिळत नाही, उरलेली चांदी फिक्सरने नेलेली असते. पण पातळ म्हणजे कोरं नव्हे. मागे एकसारखा पांढरा उजेड ठेवून चांगल्या स्कॅनरवर किंवा मॅक्रो लेन्सने उतरवलं तर छापताना हरवलेलं बरंच काही सापडतं. एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापायच्या यंत्रावर, कडक ग्रेडचा (काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणारा) कागद, चार किंवा पाच नंबरचा, वापरून बघा. त्यानेही भागलं नाही आणि फ्रेम खरोखर मोलाची असेल तर नीट फिक्स केलेलं आणि धुतलेलं निगेटिव्ह सेलेनियम टोनरमध्ये काही मिनिटं घालून दाट भाग आणखी दाट करता येतो, साधारण एका ग्रेडइतका उठाव मिळतो. टोनर विषारी आहे, खिडकी उघडी आणि हातमोजे हवेतच. आधी त्याच रोलची एखादी नको असलेली फ्रेम कापून तिच्यावर करून बघा. सावल्यांत जिथे काहीच उमटलेलं नाही तिथे टोनरही काही करू शकत नाही, तेव्हा भिंगाखाली धरून तिथे निदान पुसट काहीतरी आहे ना हे बघूनच बाटली उघडा.